ठेचलेली पाकळी

फोडणीतले जिन्नस एकमेकांशी भांडत, त्या काळची गोष्ट. कर्करोगाच्या उपचारांनी खंगलेली इंदुमती दिवसभर दारापाशी उन्हात बसलेली असे. तिच्या भाजीसाठी थोरल्या जाऊबाईंनी लसणीची पाकळी खलात ठेचली आणि ती तशीच ठेवून त्या कोबी चिरायला बसल्या.

मसाल्याच्या डब्यातून मोहरी हसली, "ठेचली आणि विसरली."

पाकळीला ते झोंबलं. "मला आत्ताच्या आत्ता तेलात टाका," ती रडवेली होऊन म्हणाली.

"थांब जरा," म्हातारा खल म्हणाला. "तुझा खरा गुण ठेचल्यावरच तयार होतो, आणि त्याला थोडा वेळ लागतो. लगेच तापल्या तेलात पडलीस, तर तो तयार होण्याआधीच तू करपशील. इंदुमतीला झालाय तसले रोग लांब ठेवायला तो मदत करतो म्हणतात. खात्री कोण देणार? पण घाई केलीस, तर आहे तेवढंही हातचं जाईल."

पाकळी खलातच थांबून राहिली. कोबी चिरून होईपर्यंत तिचा वास घरभर झाला होता. जाऊबाईंनी तिला फोडणीत टाकलं, तशी दारातली इंदुमती भिंतीला धरून हळूहळू उठली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "आज पानं मी घेते."