एकशे बाराव्या प्रश्नाचा रंग

एकदा एका तालुक्याच्या महाविद्यालयात जीवशास्त्राचे एक वयोवृद्ध अध्यापक होते, बिडवे सर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी प्रयोगशाळेची एक किल्ली त्यांच्याच खिशात असे. आनुवंशिकता, सूक्ष्मजीव, शरीरक्रिया अशा सगळ्या विषयांचे तीनशे प्रश्न आणि त्यांची उत्तरं त्यांनी एका वहीत उतरवून ठेवली होती. दर उन्हाळ्यात ते एका, फक्त एकाच विद्यार्थ्याला हाताशी धरून संशोधनाला बसत. त्या जागेसाठी पोरं जिवाचं रान करत.

शलाका डोंगरदिवेला दोन उन्हाळे नकार मिळाला होता. हे शेवटचं वर्ष. तिनं काय करावं? अख्खी वही तोंडपाठ केली! निवडीच्या सकाळी ती सरांसमोर उभी राहिली तेव्हा आनंदानं तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"आई ओ रक्तगटाची, बाप एबी. मूल?"

"ए किंवा बी, सर! तिसरं काही नाही."

"हृदयाचा ठोका सुटतो कुठून?"

"उजव्या अलिंदातल्या एसए नोडमधून!"

"बॅसिलस जिवाणूला ग्रामच्या पद्धतीनं रंगवलं, तर..."

"जांभळा! प्रश्न एकशे बारा!" तिला प्रश्न संपेपर्यंतही धीर निघेना.

तीनशेपैकी तीनशे. आता सर 'ये उन्हाळ्यात' म्हणणार, एवढंच बाकी होतं. पण सरांनी भलतंच केलं. वही मिटली, खिडकीतली एक काचनळी उचलून तिच्या हाती दिली आणि म्हणाले, "यात बॅसिलसच आहे. रंगव, बघ, आणि काय दिसलं ते याच वहीच्या शेवटी लिही." एवढं बोलून ते व्हरांड्यात फेऱ्या मारू लागले.

शलाकाला नवल वाटलं. आत्ताच तर सांगितलं की जांभळा! तरी तिनं काचपट्टीवर थेंब पसरला, जांभळा रंग घातला, मग आयोडिन, मग अल्कोहोलनं धुतलं, शेवटी, ज्यांनी जांभळा सोडला असेल त्यांच्यासाठी, गुलाबी रंग दिला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

सगळे गुलाबी!

अल्कोहोल जास्त झालं असेल, असं म्हणून तिनं दुसरी पट्टी केली. या वेळी अगदी जपून धुतली. पुन्हा गुलाबी! तिचे कान तापले. आपला हातच वाईट असणार. जागा गेली की हो! व्हरांड्यातून पावलं परत येताना ऐकली आणि बाईसाहेबांनी घाईघाईनं वहीत लिहून टाकलं: 'जांभळा.'

सरांनी वही वाचली. मग वाकून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. चांगलं मिनिटभर पाहिलं, आणि लहान मुलासारखे ओरडले, "अगं, काय देखणे गुलाबी दिसतायत!"

शलाकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "सर, मलाही गुलाबीच दिसले होते. दोनदा. मी खोटं लिहिलं."

"ठाऊक आहे." सर स्टुलावर बसले. "पोरी, माझी तीनशे उत्तरं तुला येतात, तशी मलाही येतात. मग दोघांनी मिळून उन्हाळाभर करायचं काय? ज्या क्षणी तुला गुलाबी दिसलं, त्या क्षणी वहीत नसलेला एक प्रश्न तुझ्यासमोर येऊन उभा राहिला होता. माझ्या शाईचा मान राखायला तू त्याला हाकलून दिलंस. आता सांग, मी नळी कुठून उचलली होती?"

"खिडकीतून..." ती थबकली. नळीच्या तोंडाशी असलेल्या कापसाच्या बोळ्यावर धूळ होती. "किती दिवस होती तिथं?"

"चार."

"सर! म्हातारे झालेत ते!" शलाका जवळजवळ किंचाळलीच. "पेशींच्या भिंती खिळखिळ्या झाल्या असतील. जांभळा रंग धरवतच नसेल त्यांना!"

"म्हाताऱ्यांची अशी चारचौघांत बेअब्रू करू नये," सर हसले. "आणि कशावरून म्हणतेस?"

"ताजे वाढवते, सर! आत्ता वाढायला ठेवते. उद्या दोन्ही शेजारी शेजारी रंगवते!"

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतून आलेली आरोळी कार्यालयापर्यंत ऐकू गेली. ताजे जांभळे, जुने गुलाबी!

शलाकानं वहीतल्या 'जांभळा' या शब्दावर एकच रेघ मारली, खोटं वाचता येईल अशी. खाली लिहिलं: 'चार दिवसांचे, गुलाबी. चौथ्याच दिवशी की आधीच? कोणत्या तासाला?' आणि मान खाली घालून वही पुढे केली. जागेबद्दल विचारायचं तिला धाडस होईना.

सरांनी पेन उघडलं. वरच्या तीनशे उत्तरांना त्यांनी नुसती खूण केली होती. सही केली ती या प्रश्नाखाली, आणि बाजूला आकडा टाकला: तीनशे एक.

मग खिशातली प्रयोगशाळेची किल्ली काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.