न विचारता बदललेलं जू

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही. गोष्ट मात्र राहिली, म्हणून सांगतो.

त्या राज्याच्या एका बाजूला खाडी होती आणि दुसऱ्या बाजूला उंच घाट. घाटाच्या पायथ्याशी एक पेठ होती आणि पेठेत विसाजीशेटची गाडीशाळा. तिथं बैलगाड्या घडत, तिथंच विकल्या जात, आणि विकलेली गाडी पुढे नादुरुस्त झाली तर तिथंच दुरुस्तही होत. "गाडी आमच्याकडून घेतलीत, आता तिची काळजी आमची," असं शेट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. पहिली काही वर्षं ते अगदी खरं होतं.

पुढे शाळा मोठी झाली. लाकडाचे ढीग वाढले, आणि ढीग वाढले की ते खपावे लागतात. मग अशी रीत पडली, की माणसानं गाडीची एक खोड सांगावी आणि गाडी परत घेताना तिच्यात चार वस्तू नव्या दिसाव्यात. कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असे. "खराब झालं होतं, बदललं. तुमच्याच भल्यासाठी." लोक मनातल्या मनात चरफडत, पैसे देत आणि गाडी हाकून निघून जात. करतात काय? दुसरी गाडीशाळा दोन मुक्काम लांब होती.

याच पेठेत हौसा यायची. खाडीकाठचं मीठ गाडीत भरून घाटावरच्या गावांना पोचवणं हे तिचं काम. आधी तिचा बाप करायचा, तो गेल्यावर ती करू लागली. बोलायला थोडी आणि हिशेबाला चोख, अशी तिची ख्याती. तिची बैलजोडी मात्र विजोड होती. चांद्या उंच आणि तांब्या बुटका. बाजारात लोक हसायचे, पण दोघं एकमेकांवाचून पाऊल टाकत नसत, म्हणून बापानं जोडी मोडली नव्हती. त्याऐवजी त्यानं जू असं घडवलं होतं, की ते चांद्याच्या बाजूला पातळ आणि तांब्याच्या बाजूला खाली उतरतं. नवख्याला वाटावं, लाकूड वाकलंय. पण त्या वाकण्यामुळेच दोघांच्या मानेवर भार सारखा पडायचा.

एकदा हौसाच्या गाडीच्या उजव्या चाकाची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, सैल झाली. ती गाडीशाळेत गेली आणि शेटना म्हणाली, "धाव तापवून घट्ट बसवून द्या. बाकी कशाला हात लावू नका."

"निर्धास्त जा," शेट म्हणाले.

हौसानं बैल धर्मशाळेत बांधले आणि मीठ मोजून घ्यायला ती खाडीवर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी भाड्याच्या गाडीनं गोण्या आणून तिनं धर्मशाळेत उतरवल्या आणि ती शाळेत आली, तेव्हा गाडी अंगणात उभी होती. धाव घट्ट बसली होती. हौसानं चाकावर टिचकी मारली, आवाज खणखणीत आला. मग तिची नजर पुढे गेली आणि तिथंच थांबली. गाडीला नवंकोरं, सरळसोट, तेल पाजलेलं जू लावलं होतं.

"माझं जू कुठंय?" तिनं विचारलं.

शेट हसत पुढे आले. "वाकलं होतं पार. मेस्तरींनी बदलून टाकलं. शिवणीचं लाकूड आहे, दहा वर्षं बघायला नको."

"ते वाकलं नव्हतं. तसंच घडवलेलं होतं."

"अहो बाई, इथं रोज गाड्या बघतो आम्ही."

हौसानं वाद घातला नाही. धर्मशाळेतून बैल आणले, नव्या जुवाला जुंपले आणि रिकामी गाडी अंगणात एक फेरी फिरवली. चांद्या ताठ चालला. तांब्याची मान मात्र कलली, आणि जू त्याच्या बाजूला घसरत राहिलं. फेरी संपली तेव्हा त्याच्या खांद्यावरचे केस घासून उलटे झाले होते. रिकाम्या गाडीची ही गत. मिठाच्या गोण्या लादून घाट चढताना तांब्याची मान सोलवटून निघाली असती.

तिनं बैल सोडले. "शेट, हे जू काढा. माझं मला द्या."

शेटनी मेस्तरीकडे पाहिलं. मेस्तरी पन्नाशीचा, खाली मान घालून काम करणारा माणूस होता. तो हळूच म्हणाला, "ते भट्टीत गेलं. धाव तापवायलाच वापरलं."

त्या जुवाच्या आतल्या बाजूला हौसाच्या बापानं किकऱ्यानं लाकूड तासल्याच्या खुणा होत्या. बैल जुंपताना रोज तिची बोटं त्यांवरून फिरायची, आणि ती फिरतात हे तिला आत्ता कळलं. डोळे भरून आले, ते तिनं तसेच आवरले.

"मला विचारलं का नाही?"

"वैद्य काय रोग्याला विचारून औषध देतो?" शेट म्हणाले.

"वैद्य दुखऱ्या पायाला लेप लावतो, शेट. धडधाकट पाय कापून नवा बसवत नाही. आणि मी खाडीवर होते, परमुलखात नव्हते. एक माणूस पाठवला असतात तर त्याच दिवशी निरोप मिळाला असता."

शेटचं हसू मावळलं. "हे बघा, जुवाचं मोल द्या आणि गाडी न्या. नाहीतर गाडी इथंच राहील."

"धाव बसवल्याचे पैसे हे घ्या," हौसा म्हणाली आणि तिनं ते ओट्यावर ठेवले. "जू तुम्ही तुमच्या मर्जीनं केलंत, ते तुमचं. माझ्या गाडीला होतं तसं जू घडवून द्या, मी निघते. तोवर गाडी इथं आहे, तर मीही इथंच आहे."

असं म्हणून ती गाडीशाळेच्या दारातल्या निंबाखाली बसली.

आता खरं सांगायचं तर तिच्याही जिवाला घोर होता. मिठाच्या गोण्या धर्मशाळेत पडल्या होत्या आणि वरच्या गावांतल्या बरण्या रिकाम्या होत आल्या असणार. पैसे टाकून निघून जावं, पुढे कुठं तरी जू बदलून घ्यावं, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. पण ती स्वतःशीच म्हणाली, आज मी निघाले तर उद्या हे आणखी कुणाचं तरी जू जाळतील. खाडीवरच्या एका ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर तिनं निम्मं मीठ वर पाठवून दिलं आणि ती निवांत झाली.

शेटना वाटलं, ही बाई आता येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे आपली बदनामी करील. हौसानं तसलं काही केलं नाही. कुणी गाडी घेऊन आला, की ती एवढंच विचारायची, "दादा, काय काम आहे गाडीचं?"

"चाकाचा तुंबा कुरकुरतोय, वंगण घालायचंय."

"मग ते शेटना माझ्यासमोर सांगा. आणि गाडी नेताना माझ्यासमोर बघून न्या."

बस्, इतकंच. पण त्या इतक्यानं शाळेची घडी विस्कटली. वंगणासाठी आलेल्या गाडीच्या चाकाला नवे आरे लागलेले दिसले, की मालकाच्या आधी हौसाची नजर तिकडे जायची. ती काही बोलायची नाही. मालकच बोलायचा. काल जो मुकाट्यानं पैसे देत होता, तो आज साक्षीदार आहे म्हटल्यावर ठामपणे म्हणायचा, "आरे काढा. मी सांगितले नव्हते." दोन-तीन दिवसांत शेटना नवं लाकूड काढून जुनं पुन्हा बसवण्याची पाळी इतक्यांदा आली, की अखेर त्यांनीच मेस्तरींना बजावलं, "आता काही करायचं असेल, तर आधी विचारा."

मेस्तरीनं मान डोलावली. त्याला उलट सुटल्यासारखं झालं.

आणि मग तो तेली आला.

म्हातारा होता. गाडीत तेलाचे बुधले होते आणि बुधल्यांच्या पुढे, गोधडीवर, त्याची लेक बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. तो तिला बाळंतपणासाठी घाटावरच्या घरी नेत होता. गाडीचं एक फळकूट निखळलं होतं, तेवढं ठोकून घ्यायचं होतं.

मेस्तरी फळकूट ठोकायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग उठून म्हणाला, "तात्या, तुमच्या गाडीचा कणा तडकलाय. दोन चाकांच्या मधोमध. घाटात टिकणार नाही. बदलायचा का?"

तेली खो-खो हसला. "आलात का मूळ वळणावर? या दारात आलेल्या कुठल्या गाडीचा कणा तडकलेला नसतो? फळकूट ठोका आणि मोकळं करा."

"तात्या, खरंच सांगतोय."

"मागच्या साली पण खरंच सांगत होता. माझा धडधाकट कणा काढून हाच बसवलात ना?"

मेस्तरीनं आत हाक मारली. शेट स्वतः बाहेर आले. कमरेत वाकून त्यांनी गाडीखाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तात्या, मी हात जोडतो. लेकीला घेऊन असे जाऊ नका. कणा फुकट बसवून देतो."

फुकट म्हटल्यावर तेल्याचा संशय आणखीच वाढला. "आज फुकट आणि उद्या काय? सरा बाजूला." त्यानं कासरा ओढला. गाडी हलली.

शेट रस्त्यातच उभे राहिले. त्या पेठेत इतकी वर्षं त्यांनी लाकूड विकलं होतं, गाड्या विकल्या होत्या. आज एक खरा शब्द त्यांना कुणाच्या तरी गळी उतरवायचा होता, आणि तो उतरत नव्हता.

हौसा निंबाखाली बसून हे बघत होती. शेट चांगलेच अडकले, हे पाहून दुसरं कुणी सुखावलं असतं. तिला मात्र गोधडीवरची ती पोर दिसत होती. एका हातानं बुधल्याचा आधार धरलेली, दुसरा हात पोटावर ठेवलेली. हौसा उठली, पुढे झाली आणि तिनं बैलाची वेसण धरली.

"तात्या, अंमळ थांबा. मी बघते."

तिनं गाडीखाली शिरून कण्यावरून हात फिरवला. तडा उघडा पडला होता, तिचं नख आत गेलं. ती बाहेर आली, हात झटकले आणि म्हणाली, "या वेळी ते खरं बोलतायत. कणा तडकलाय. खाली उतरा आणि स्वतः बोट लावून बघा."

तेली तिच्याकडे बघत राहिला. पेठेत ती का बसली आहे, हे त्याच्या कानावर आलं होतं. "तू म्हणतेस, बाई?"

"मी म्हणते."

तेली उतरला. त्यानं बोट लावून पाहिलं, आणि लेकीला हात देऊन खाली उतरवलं. मेस्तरीनं कणा काढला. दोघा गड्यांनी तो उचलला, तोच मध्येच कडकन मोडून त्याचे दोन तुकडे झाले. लेकीनं ते पाहिलं आणि ती बापाचा हात घट्ट धरून उभी राहिली.

नवा कणा बसवून तेली निघून गेला. मग शेट निंबाखाली आले आणि हौसाच्या समोर जमिनीवर बसले. त्यांना असं खाली बसलेलं पेठेनं कधी पाहिलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "ही शाळा माझी. हत्यारं माझी, मेस्तरी माझे. आणि विश्वास मात्र लोकांनी तुमच्यावर ठेवला. तुम्ही वेसण धरली नसतीत, तर आज त्या पोरीचं काय झालं असतं, आणि त्याचं पाप कुणाच्या माथी बसलं असतं, ते मला कळतंय."

"ते झालं नाही, शेट. आता माझ्या जुवाचं बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चांद्या आणि तांब्या अंगणात शेजारी-शेजारी उभे केले. मेस्तरीनं दोघांची उंची दोरीनं मापली. किकरा लावण्याआधी तो दर वेळी विचारायचा, "इथं उतरवू का? एवढं पुरे?" हौसा कधी हो म्हणायची, कधी थांब म्हणायची. तिसऱ्या प्रहरी जू तयार झालं. जुंपून पाहिलं, तर दोन्ही माना सारख्या चालल्या.

"तुमच्या बापाचं जू मला परत देता येणार नाही," शेट म्हणाले.

"नाही येणार," हौसा म्हणाली. तिनं ती गोष्ट गोड करून घेतली नाही. पण गाडी हाकताना तिच्या मनात कडवटपणाही उरला नव्हता. उरलेल्या गोण्या लादून ती घाटाला लागली.

त्यानंतर विसाजीशेटनी शाळेत नवी रीत घातली. गाडी आत घेताना मालकानं काम मोठ्यानं सांगायचं आणि मेस्तरीनं ते तसंच परत म्हणून दाखवायचं. काम करताना दुसरी काही खोड दिसली, तर हात थांबवून आधी मालकाला बोलवायचं. आणि जी वस्तू काढली ती भट्टीत टाकायची नाही, मालकाच्या हातात द्यायची. लाकूड पहिल्याइतकं खपेना. शेटना काही वर्षं ओढगस्तीची गेली. पण हळूहळू लोक लांबूनही येऊ लागले, आणि मेस्तरीनं "कणा तडकलाय" असं म्हटलं की माणूस न हसता गाडीतून खाली उतरू लागला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या वस्तूला त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये; न विचारता केलेलं भलं विश्वास घालवतं, आणि विश्वास गेला की खरा शब्दही खोटा ठरतो.