मिटल्या डोळ्यांनी नदीकडे

"...पण उत्तर बरोबर असूनही नाही का म्हणतात, आक्का?"

शाल्मलीचा आवाज चढला होता. मठात राहणाऱ्या म्हाताऱ्या आक्का ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

शाल्मली याच गावची. इंजिनियर झालेली, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेली. बंगळुरूच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने तिला दोनदा परत पाठवलं होतं. सोमवारी तिसरी मुलाखत. ही हुकली, की वर्षभर अर्जसुद्धा करता येणार नव्हता.

"काय म्हणाले ते?" आक्कांनी विचारलं.

"म्हणाले, कोडं सोडवताना मोठ्याने बोला. तुमचा विचार आम्हाला ऐकू येऊ दे. आता सांगा, विचार म्हणजे काय भजी आहेत, तळता तळता वाढायला?"

"भजी तशीच चांगली लागतात."

शाल्मली हसली नाही.

"कोडं त्यांचंच, उत्तरही त्यांना आधीच ठाऊक. मग मधलं बोलून कुणाला दाखवायचं? आणि बोलता बोलता चूक निघाली तर?"

आक्कांनी वाती बाजूला ठेवल्या. उठल्या. डोळे मिटले.

"मला नदीवर ने."

"आत्ता? बरं, हात द्या."

"हात नको. नुसतं सांग."

"ओटा उतरा, डावीकडे वळा, पायऱ्या उतरा, आली नदी."

एका दमात सांगून शाल्मली मोकळी झाली. आक्का ओटा उतरल्या. वळल्या. घाटाच्या पहिल्या पायरीशी त्यांनी पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला.

"पुढे?"

शाल्मली धावत आली. खाली पाहू लागली. कुठली पायरी धड आहे, कुठली पुराने उचकटली आहे, मनातल्या मनात जुळवू लागली...

"मेलीस का गं? पाय दुखतोय माझा."

"थांबा, थांबा! बघतेय मी."

"काय बघतेयस?"

"पायरी... ओली आहे. नाही, शेवाळ आहे. डावीकडून या. अहो नको, डावीकडे कठडाच नाही! चुकलं माझं. उजवीकडून या."

आक्कांचा पाय अलगद खाली टेकला.

"आता?"

"पुढची हलते की काय, मला माहीत नाही. आधी मी उभी राहून बघते... हलते. पण कडेला धड आहे. भिंतीला धरून या."

अशा त्या दोघी उतरत राहिल्या. एक चाचपडत बोलत होती, दुसरी तिच्या बोलण्यावर पाय ठेवत होती. हळूहळू शाल्मलीच्या आवाजातला ताठा गेला. एकदा तर आपल्याच चुकीवर तिला हसू फुटलं आणि आक्काही हसल्या.

घोट्याला पाणी लागलं.

आक्कांनी डोळे उघडले. ओंजळभर पाणी तोंडावर मारलं.

शाल्मली धापा टाकत त्यांच्याकडे बघत राहिली. मग एकदम काहीतरी आठवून म्हणाली, "पण आक्का, तुम्ही तर रोज पहाटे अंधारात एकट्या येता इथे! तुम्हाला वाट ठाऊक होती."

आक्कांनी पदराने तोंड पुसलं.

"वाट ठाऊकच होती गं. तू कुठे आहेस, तेवढं कळत नव्हतं."