मांजराला विटाळ नसतो

“मांजराला विटाळ नसतो, म्हाळू. पोथ्या कुरतडणारे उंदीर धरायला ती आत येते,” देवळाच्या ओसरीवर शाळा घेणारे विसोपंत पंतोजी म्हणाले. ढवळी त्यांच्या मांडीवर डोळे मिटून पडली होती.

“मग माझी चिमापण धरील की उंदीर. बसू द्या कोपऱ्यात.”

ओसरीवरची माणसं हसली. एक जण म्हणाला, “आधी शेपूट आण पोरीला.”

“तुमच्या पोरांना कुठं आहे शेपूट?”

आमच्या पणज्या परकर नेसायच्या, तेव्हाचं हे भांडण. शेपटाचं बोलला तो माझ्या पणजीचा बाप, गोविंदभट. लपवत नाही. सांगताना मान खाली जाते, तरी सांगते.

म्हाळू बुरडीण देवळाबाहेरच्या उंबराखाली टोपल्या विणायची. लेक चिमा शेजारी बसून बांबूच्या कांबट्या सोलायची आणि आतलं ऐकायची. तीन वर्षांत तिला पाढे आले, पावकी-निमकी आली, पंतोजींचा खोकलासुद्धा आला. पण अक्षर तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती आईला विचारायची, “क सरळ असतो का गं, वाकडा?” पण म्हाळूलाही ते ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी ढवळीच्या मागोमाग चिमा दोन पायऱ्या चढली आणि एका पोराच्या धूळपाटीत डोकावली. क दिसायच्या आत मनगटावर छडी बसली. म्हणून म्हाळू हातातली टोपली घेऊन तशीच उठली होती.

ऊन डोक्यावर आलं. शेवटी पंतोजी म्हणाले, “अक्षर तिच्या जन्मातच नाही. जा, काम कर.”

म्हाळूनं नुसतं “ये गं” म्हटलं. ढवळी पंतोजींच्या मांडीवरून उतरली आणि तिच्या टोपलीत जाऊन अंग गोळा करून बसली. रोज बसावं तशी. ती मांजर रात्री कुठं निजते, हे ओसरीवर कुणीच कधी विचारलं नव्हतं. म्हाळू मग एकच वाक्य बोलली. ते शेवटी सांगते, कारण आमच्याकडे ते शेवटीच म्हणतात.

असं म्हणतात, की छडी पंतोजींच्या हातून आपोआप गळाली. ओसरीवरच्या सगळ्या माना खाली गेल्या आणि तीन दिवस वर होईनात. जेवतानाही त्या माणसांना आपलंच पोट दिसे. असं म्हणतात, की चिमा आत गेली, एकदा क पाहिला आणि धुळीत लिहीत सुटली. ओसरी भरली, अंगण भरलं, अक्षरं पार उंबरापर्यंत गेली. ती पुसू नयेत म्हणून तीन दिवस वाराही गावात आला नाही.

आजही शाळेच्या पहिल्या दिवशी धुळीतलं पहिलं अक्षर बुरूडआळीतलं मूल काढतं. तोवर जमीनजुमलेवाले उन्हात मान खाली घालून उभे राहतात. मग घरी जाऊन जेवतात. दिवाळीनंतर त्या आळीतली निम्मी पोरं शाळेत दिसत नाहीत, आणि तेव्हा कुणाची मान खाली जात नाही. म्हणून गावातली सगळ्यात म्हातारी बाई त्या दिवशी म्हाळूचं वाक्य मोठ्यानं म्हणते. यंदा ते माझ्याकडे आलं आहे:

“सहा वर्षं माझ्या चुलीपाशी निजून, माझं उष्टं खाऊन ही तुमच्या मांडीवर येते आहे, पंत, मांडी विटाळली असेल तर शाळा बंद करा, नसेल तर माझ्या पोरीला अक्षर दाखवा.”