चारबोटी

पुलावरून खाली पाहिलंत तर नदीच्या मध्यात एक काळा खडक दिसेल. तो सटवाजीचा खडक. आमच्या गावात 'बेताने' असं कोणी म्हणत नाही, 'चारबोटी' म्हणतात. चारबोटी बोल, चारबोटी जेव. तो शब्द या खडकापासून आला, असं सांगतात.

पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. सटवाजी भोई होडी चालवायचा. माणसं बसली की तो होडीच्या काठाला बाहेरून बोटं आडवी लावायचा. काठ आणि पाणी यांच्यात चार बोटं उरली तरच होडी सुटायची.

त्याची लेक तान्हाई. तिचं लग्न पलीकडच्या गावात ठरलं. वऱ्हाड निघालं त्या दिवशी वर डोंगरात वळीव झाला होता. पाणी गढूळ होऊन चढत होतं, मुहूर्त जवळ आला होता. होडी खच्चून भरली. सटवाजीने बोटं लावली. तीनच बसली.

"दोघांनी उतरा," तो म्हणाला.

"म्हंजे नवरीच्या मामानं उतरायचं व्हय, दाजी?" त्याचा मेहुणा म्हाळू म्हणाला. "तुमची बोटं हाईत का केळी? पोरीची लावा की!"

सगळे हसले. तान्हाईने वाकून आपली हळदीची बोटं लावली. ती बारीक, त्यामुळे चार बसली. सटवाजीने तीच चार धरली. त्याने होडी सोडली. चूक झाली ती तेवढीच, म्हणे.

निम्म्यावर पाणी काठावरून आत आलं. बायका ओंजळींनी उपसू लागल्या. पोरं रडायला लागली. सटवाजीने होडी खडकाला लावली आणि पुन्हा उतरायला सांगितलं. म्हाळूने मान खाली घातली. बाकीच्यांनीही घातली. तेव्हा सटवाजीने वल्हं लेकीच्या हातात दिलं आणि स्वतःच खडकावर उतरला.

"बा, पाणी चढतंय."

"म्हनूनच. मार वल्हं."

तिने वऱ्हाड पलीकडे उतरवलं आणि तशीच होडी वळवली. मुंडावळ्या तोंडावर येत होत्या, त्या तिने तोडून टाकल्या.

"अगं, मुहूर्त टळंल!" म्हाळू काठावरून ओरडला.

"टळू दे, मामा."

ती पोचली तेव्हा खडक बुडाला होता. बापाचं नुसतं डोकं वर होतं. खडकाच्या फटीत पाय रोवून तो उभा होता. पाणी गळ्याशी येऊन थांबलं होतं, म्हणे. पाणी आणि ओठ यांच्यात चार बोटं उरली होती, आणि ती सटवाजीच्या हाताची चार होती. लग्न मग संध्याकाळी लागलं.

आजही आमच्याकडे पंगतीत आग्रह करत नाहीत. जेवणाऱ्याने ताटावर चार बोटं आडवी धरली की वाढपी पुढे जातो. एखाद्या नवख्याने तरीही जिलबी पुढे केली, तर म्हातारी माणसं घाबरून पाटावरून उठतात. "बोटं दिसली न्हवं?" म्हणतात. "मग हो म्होरं."