निम्म्या मनाचा कर्णधार

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचा कर्णधार इंद्रजित याचं लग्न झालं, तेही पलीकडच्या पेठेतल्या मुलीशी. आणि रविवारी अंतिम सामना होता तो नेमका त्याच पेठेच्या संघाशी! तालमीच्या बैठकीत समर्थकांची जुंपली. कोणी म्हणे, पोरगा इमानी आहे. कोणी म्हणे, सासुरवाडीवर हा गोल कसला मारतोय?

अध्यक्ष दौलतराव कडाडले, "बायको तिकडची आली की गड्याचं निम्मं मन तिकडं जातं. कर्णधार बदला!"

इंद्रजित मान खाली घालून बसला. फुटलेला गुडघा बांधून याच पोराला खेळताना हौसाक्कानं पाहिलं होतं. चाळीस वर्षं एकही सामना न चुकवलेल्या त्या म्हातारीला राहवेना. ती उठली.

"अध्यक्ष, तुमच्या मंडळींचं माहेर कुठलं ओ?"

दौलतराव चाचरले. "तिकडचंच."

"मग निम्म्या मनानं तुम्ही वीस वर्षं तालीम चालवलीसा. त्याला नव्वद मिनिटं तरी संघ चालवू द्या की!"

बैठकीत हशा उसळला. दौलतरावांनाही हसू आवरेना. त्यांनी स्वतःच्या हातानं इंद्रजितच्या दंडावर कर्णधाराची पट्टी बांधली आणि ते म्हणाले, "जा, रविवारी सासुरवाडीला दोन गोलांचा आहेर करून ये."