ठेवणीतली लोकर

फार वर्षांपूर्वीची एक दुपार, वेळ तीनची, ठिकाण रत्नप्रभामावशींची विणकामाची टोपली. मावशी भाचीसाठी उरल्यासुरल्या लोकरीचा हत्ती विणत होत्या आणि ऐन सोंडेपाशी करडी लोकर संपली.

टोपलीच्या तळाशी पिवळ्या लोकरीची लिंबाएवढी गुंडी अंग चोरून बसली होती. आज कामी आले नाही, तर उद्या पुडकी बांधायला जाणार, हे तिला ठाऊक होतं. शेजारी कागदात गुंडाळलेला निळ्या लोकरीचा नवाकोरा गुंडा होता.

"निळोबा, थोडी लोकर द्या की," क्रोशाची सुई म्हणाली.

"शक्य नाही! मी ठेवणीतला आहे. हत्तीबित्ती उरलेल्यांनी व्हावं."

"कशासाठी ठेवलंय तुम्हाला?" पिवळीने भीतभीत विचारलं.

"चांगल्या कामासाठी!"

"मग हे काय वाईट आहे?" सुई फणकारली आणि तिने पिवळीचंच टोक ओढलं. टाक्यामागून टाका पडत गेला. सोंड पुरी झाली तेव्हा पिवळीचं बोटभर टोक उरलं, तेही मावशींनी हत्तीच्या पोटात कोंबलं.

"मावशी, याची सोंड पिवळी कशी गं?" भाची मनूने विचारलं.

"हळदीच्या डब्यात घातली असेल मेल्याने!"

मनू खिदळली आणि हत्तीला कुशीत घेऊन झोपली. इतकी वर्षं लोकर असूनही ऊब म्हणजे काय, ते पिवळीला त्या दिवशी कळलं.

पुढे मनूची मुलंही त्या हत्तीशी खेळली. निळा गुंडा अजून त्याच कागदात आहे. त्याला कोणत्या चांगल्या कामासाठी ठेवलंय, हे अद्याप कोणीही सांगितलेलं नाही.